त्या शून्याचे काय झाले

‘संस्थेच्या ध्वनिसंग्रहाची जी भरून न येणारी हानी झाली, तिचे मूळ एका लहानशा विस्मरणात होते. सर्व्हरच्या मेमरीत उद्भवणाऱ्या चुका सतत शोधून दुरुस्त करणारी व्यवस्था आमच्या एका दिवंगत सहकाऱ्यांनी कामाच्या सोयीसाठी बंद केली आणि ती पुन्हा सुरू करण्याचे त्यांच्याकडून राहून गेले. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून हे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.’

हा मजकूर आमच्या संस्थेने नुकत्याच काढलेल्या स्मरणिकेत, अध्यक्षांच्या मनोगतात छापलेला आहे. ‘पूर्ण आदर राखून’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. मेलेल्या माणसावर दोष ठेवताना आदर राखला की भागते. तो जिवंत असता तर पुरावा राखावा लागला असता.

हा मजकूर खरा नाही. तो लिहिणारे लबाड आहेत असे मी म्हणत नाही. अध्यक्षांना मी पुष्कळ वर्षे ओळखतो आणि त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. परंतु हेतू चांगला असल्याने विधान खरे ठरत नाही, आणि ज्या माणसाबद्दल ते केले आहे तो माझा मित्र होता. त्याच्या जवळ बसून मी अर्धे आयुष्य काम केले आहे. त्यामुळे या बाबतीत बोलण्याचा अधिकार मला इतरांपेक्षा जास्त आहे, असे मी मानतो. ज्यांना हा अहंकार वाटेल त्यांनी तो खुशाल तसा समजावा.

आमच्या संस्थेचे काम साधे होते. रत्नागिरी जिल्ह्यातील गावोगावी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे, कारण इथे खाडी ओलांडली की बोलणे बदलते. भाताची रोपे जिथे वाढवतात त्या तुकड्याला एक गाव एक शब्द वापरते आणि पलीकडचे गाव त्या शब्दाला हसते. असे शब्द ज्यांच्या तोंडी होते ती माणसे एकेक करून जात होती, आणि आम्ही दोघे कॅसेटचे यंत्र पिशवीत घालून एसटीने त्यांच्या मागे धावत होतो. पुढे कॅसेटी जुन्या झाल्या. आपल्या हवेत कॅसेट टिकत नाही. भाट्याच्या खाडीवरून येणारा वारा लोखंडाला सोडत नाही तिथे फितीची काय कथा. तेव्हा संस्थेने एक सर्व्हर घेतला आणि सगळे आवाज त्यात भरून ठेवण्याचे काम सुरू झाले. आवाज ऐकून त्यांची वर्गवारी करणे माझ्याकडे होते. सर्व्हर माझ्या मित्राकडे होता.

तो गुहागरकडच्या एका खेड्यातला. घर बौद्ध. वडील मुंबईला गिरणीत, आई गावी दुसऱ्यांच्या शेतात. पदवी त्याने नोकरी करीत घेतली आणि संगणक पुस्तकांवरून शिकला. माझ्याशी तो गावच्याच बोलीत बोलायचा आणि समितीपुढे गेला की माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायचा. मी त्याला एकदा म्हटले, ‘‘समितीपुढे काय रे तुझी भाषा इस्त्री केल्यासारखी!’’ तो म्हणाला, ‘‘मेल्या, तुझ्या भाषेचे कपडे चुरगळलेले असले तरी लोक तुला आत घेतात. मला दारातच विचारतात.’’

आता त्या व्यवस्थेविषयी सांगितले पाहिजे. ती समजल्याशिवाय हा वाद समजणार नाही, आणि स्मरणिकेच्या वाचकांना ती समजावून देण्याची तसदी कोणी घेतलेली नाही.

संगणकाची मेमरी म्हणजे चालू काम जिथे मांडलेले असते ती जागा. तिथे सगळे शून्य आणि एक या दोनच खुणांत लिहिलेले असते. कधी उष्णतेने, कधी मेमरीची पट्टी जुनी झाल्याने, तर कधी काही कारण न सापडता एखाद्या शून्याचा एक होतो. चांगल्या सर्व्हरच्या मेमरीत अशी चूक ओळखण्याची सोय असते. एका ओळीत एकच खूण चुकली असेल तर यंत्र ती स्वतः सुधारते. त्याच ओळीत दोन चुकल्या तर सुधारता येत नाहीत. मग यंत्र ते खोटे पुढे नेण्यापेक्षा जागच्या जागी थांबते. म्हणून पहिली चूक दुसरी होण्याआधीच पकडावी लागते. त्यासाठी यंत्र फावल्या वेळात सगळी मेमरी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत जाते आणि जिथे एखादी खूण बिघडली असेल तिथे ती नीट करून पुढे सरकते. याला स्क्रबिंग म्हणतात.

माझा मित्र याला वेचणी म्हणायचा. अध्यक्षांनी एकदा विचारले होते, ‘‘अहो, पण मुळात चुका होतातच कशा? एवढं महागाचं यंत्र!’’ तेव्हा तो म्हणाला होता, ‘‘साहेब, तांदूळ कितीही चांगला असला तरी किडा होतोच. माझी आई सुपात तांदूळ घेऊन रोज थोडा थोडा निवडायची. आज एक किडा दिसला तर वेचून टाकायचा. महिनाभर डब्याचं झाकण उघडलंच नाही, तर मग तांदूळच टाकायचा.’’

ही वेचणी किती वेगाने चालावी हे ऑपरेटिंग सिस्टीममधून ठरवता येते. एका ठरलेल्या जागी आकडा लिहायचा. मोठा लिहिला की ती जलद चालते, लहान लिहिला की सावकाश, आणि शून्य लिहिले की थांबते. ध्वनिमुद्रण करताना यंत्रावर ताण नको म्हणून माझा मित्र ती जरा सावकाश ठेवायचा. मात्र हा आकडा कायमचा नसतो. यंत्र बंद केले की तो पुसला जातो, आणि पुन्हा सुरू केले की वेचणी कारखान्यात ठरवून दिलेल्या वेगाने आपोआप सुरू होते. सगळे प्रकरण यावरच उभे आहे.

आमचे यंत्र वर्षभर चालू असे. वीज गेली तर बॅटरी होती, बॅटरीच्या मागे जनरेटर होता. ते बंद व्हायचे फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती द्यायची आणि त्यांची पूजा करायची, हा रिवाज आमच्या संस्थेने टंकलेखन यंत्रांपासून पाळला आणि सर्व्हर आला तेव्हा त्यालाही लावला. माझा मित्र हळदकुंकवाला हात लावत नसे; ते त्याच्या घरात नव्हते. पण तो रजाही घेत नसे. पूजा सुरू असताना दाराजवळ हाताची घडी घालून उभा राहायचा आणि यंत्र रीतसर बंद करण्याचे काम दुसऱ्या कोणाला करू द्यायचा नाही.

‘‘तुमचा देव, माझं मशीन,’’ तो म्हणायचा. ‘‘देवाला फुलं तुम्ही घाला. पण प्लग जर कोणी उपटला ना, तर त्याचीच पूजा बांधीन.’’

सगळे प्रसाद घेऊन गेले की तो मागे थांबायचा. एवीतेवी यंत्र बंद आहे म्हणून ते उघडायचा, आतली धूळ फुंकायचा, झेंडूच्या पाकळ्या आत गेल्या असतील तर त्या चिमट्याने काढायचा आणि मेमरीच्या पट्ट्या एकेक बाहेर घेऊन त्यांच्या सोनेरी कडा शाळेतल्या साध्या खोडरबराने पुसायचा. खाऱ्या हवेने त्या कडांवर बारीक थर धरतो. वर्षातून एकदा असे पुसले की पट्ट्या वर्षभर नीट चालतात, असा त्याचा अनुभव होता. दसरा झाला की मला सोने द्यायच्या आधी तो कुरकुर करायचा, ‘‘तुमच्या देवानं पुन्हा माझा आकडा पुसला. आता लिहितो परत.’’ आणि बसून आपला सावकाशीचा आकडा लिहायचा.

त्याने शून्य लिहिले, ही गोष्ट खरी आहे. ती मी नाकारत नाही, कारण मी तेव्हा त्याच्या शेजारच्या खुर्चीत होतो.

गणपती होऊन गेले होते. आम्ही अगदी पहिल्या वर्षांच्या कॅसेटींपाशी आलो होतो आणि त्यांत त्याच्या आईची एक कॅसेट होती. संस्थेच्या कामाला लागल्यावर त्याने सर्वांत आधी आपल्याच आईला बोलते केले होते. आई जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती आणि तिचा दुसरा आवाज कुठेही नव्हता. फितीवर पांढरी बुरशी धरली होती; तपकिरी लेप बोटाला लागत होता. ती फार तर एकदा वाजेल, हे आम्हा दोघांनाही दिसत होते. आधी दुसऱ्या एका खराब फितीवर चाचणी घेतली तेव्हा मध्येच बारीक खटका ऐकू आला, आणि तो वेचणीमुळे येत असावा असा त्याला संशय आला. खात्री नव्हती. खात्री करत बसायला आईची दुसरी फीत नव्हती.

‘‘आयेच्या बोलण्यात खटका नको,’’ तो म्हणाला आणि त्याने शून्य लिहिले.

मग त्याने कॅसेट लावली. आईचा आवाज आला. जाड, थोडा बसलेला, घाईचा. भातलावणीच्या दिवसांत कोणत्या बाईने कोणती ओळ धरायची हे ती सांगत होती. तिला मध्येच कोणीतरी हसले, आणि ती ओरडली, ‘‘हसतोस कशाला रं? हसलास का माजं इसरायला होतं!’’ हसणारा तोच होता, विशीतला. आपले ते हसणे त्याने एवढ्या वर्षांनी ऐकले आणि मान खाली घातली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. फीत संपली तेव्हा कॅसेटच्या यंत्राच्या तोंडाशी तपकिरी भुकटी पडलेली होती. ती त्याने कागदावर झाडून घेतली; पुढे तिचे काय केले हे मला ठाऊक नाही.

आवाज सर्व्हरमध्ये स्वच्छ उतरला होता. ‘‘आता आये कुठं जात नाय,’’ तो म्हणाला.

त्यानंतर लवकरच माझ्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले आणि मी मुलीकडे पुण्याला गेलो. दिवाळी तिकडेच झाली. मी परत येण्याच्या आत तो गेला. मारुती मंदिराच्या चढावर चालताना त्याला दम लागला, एका दुकानाच्या पायरीवर बसला तो उठला नाही. मुलीच्या घरी फोन आला तेव्हा माझ्या डोळ्यावर पट्टी होती, आणि डॉक्टरांनी रडायचे नाही असे बजावले होते. ते मी पाळले. वाईट एवढेच वाटते की ते मला पाळता आले.

तो गेल्यानंतर, मार्गशीर्षात, यंत्र थांबले. त्या वेळी संग्रह डिस्कच्या एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत हलवण्याचे काम चालू होते. संग्रहाची जपून ठेवलेली दुसरी प्रत पुसून तिची जागा मोकळी केली होती आणि पहिली अर्ध्या वाटेवर होती. हे असे का केले गेले, कोणी ठरवले, यात मी शिरत नाही. मला एक आरोपी उतरवून दुसरा चढवायचा नाही. मेमरीच्या एका ओळीत दोन चुका झाल्या, यंत्राने त्या ओळखल्या आणि ते थांबले. अर्ध्या वाटेवर असलेले आवाज गेले. कितीतरी गावे गेली. त्यांत त्याची आई गेली.

मुंबईहून एक तरुण तज्ज्ञ बोलावला होता. हुशार आणि नम्र. यंत्र कधी बंद-चालू झाले याच्या नोंदी गेल्या होत्या; आकडे लिहिण्याच्या आज्ञा तेवढ्या राहिल्या होत्या, त्या चाळताना त्याला ते शून्य दिसले. वेचणीसंबंधीची तीच शेवटची आज्ञा होती. तिच्यानंतर कोणी दुसरा आकडा लिहिलेला नव्हता. मी तेव्हा परतलो होतो. मी त्याला सरळ विचारले, ‘‘यामुळे झालं असं तुम्ही म्हणता?’’

‘‘असू शकतं, काका,’’ तो म्हणाला. ‘‘मधे मशीन रीस्टार्ट झालं नसेल तर.’’

त्याचे हे दुसरे वाक्य मुंबईला परत गेले. पहिले रत्नागिरीत राहिले. समितीच्या बैठकीपर्यंत त्याचे ‘दिसते’ झाले आणि स्मरणिकेत पोहोचेपर्यंत ‘होते’ झाले. कोणीही खोटे बोलले नाही. प्रत्येकाने फक्त आपल्याकडून थोडी खात्री घातली.

समितीपुढे मी उभा राहिलो. मी म्हटले, खंडेनवमी मध्ये येऊन गेली आहे; त्या दिवशी यंत्र बंद झाले असणार, आणि शून्य तेव्हाच पुसले गेले असणार.

अध्यक्ष म्हणाले, ‘‘अहो, पण यंदा मशीन बंद केलंच नव्हतं. मी स्वतः फुलं वाहिली ना! हिरवे दिवे चांगले लुकलुकत होते. मला आठवतं, मी म्हटलंसुद्धा, देवी जागी आहे आज.’’

‘‘तुम्ही फुले वाहून किती वेळ थांबलात?’’

‘‘घरी जेवायला पाहुणे होते. पण ते जाऊ द्या. तुम्ही होतात का त्या दिवशी इथे?’’

मी नव्हतो. सुटीचा दिवस, मागे दुसरेही कोणी थांबलेले नव्हते. चिटणीस हळूच म्हणाले, ‘‘मैत्री आम्ही समजू शकतो हो. पण तुम्ही डोळ्याला पट्टी बांधून पुण्यात, आणि साक्ष देता रत्नागिरीची.’’ दोघेतिघे हसले. मी त्यांना सांगितले की माझा मित्र असा विसरणारा माणूस नव्हता, आयुष्यात त्याने एकही काम अर्धे सोडले नव्हते. हे बोलताना माझा आवाज चढला. आवाज चढला की या समितीत मुद्दा हरतो. ते मला माहीत होते, तरी चढला. मी बाहेर पडलो आणि पुन्हा तिथे गेलो नाही.

हे सगळे मी सोसले असते. संस्था म्हटली की असे चालते. परंतु स्मरणिका घरोघर गेली, तशी ती त्याच्या घरीही गेली.

वहिनी नाचण्याला राहतात, मुलाकडे. त्यांचा निरोप आला म्हणून मी गेलो. ओटीवर बसलो. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली माझ्या मित्राचा फोटो, त्याला पांढरी फुले. स्मरणिका टिपॉयवर होती. त्या पानाशी दुमडलेली. वहिनींनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

‘‘भावजी, वर्धापनदिनाला त्यांचा फोटो लावणार आहेत म्हणे स्टेजवर. तुम्ही सांगा त्यांना, नको लावू म्हणून.’’

‘‘का?’’

‘‘सगळ्यांना माहीत झालंय ना आता.’’ त्या खाली बसल्या. ‘‘माणसाकडून चूक होते. मी काही म्हणत नाही. पण आमच्या सासूबाईंचा आवाज होता तो. शेवटी शेवटी रोज सांगायचे, आये आता कुठं जात नाय. आणि त्यांच्याच हातून…’’

मी सांगायला लागलो. मेमरी, पट्टी, आकडा. त्या ऐकत होत्या आणि ऐकत नव्हत्या. मला एकदम कळले की मी अध्यक्षांशी बोलतो आहे, यांच्याशी नाही. म्हणून मी थांबलो आणि विचारले, ‘‘त्या खंडेनवमीला तो घरी कधी आला, आठवतं का वहिनी?’’

‘‘न आठवायला काय झालं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘घरात केवढं रामायण झालं त्या दिवशी! नात नुकतीच शाळेत जायला लागली होती. तिचं नवीन खोडरबर, हत्तीचं, कंपासपेटीतून घेऊन गेले हे, न विचारता. ती पोर रडून रडून जेवली नाही. संध्याकाळी आले तर हत्तीला सोंडच नाही! तोंड काळं झालेलं. मी म्हटलं, अहो, पेन्शनीला आलात, आता परत पाटी गिरवायला लागलात काय? तर म्हणाले, ‘हत्तीनं माझं काम केलं, त्याला नवा हत्ती देऊ.’ दुसऱ्या दिवशी दोन आणून दिले पोरीला. पण तिला तोच हवा होता.’’

‘‘तो आहे का?’’

त्या आत गेल्या. बराच वेळ आतून पेट्या सरकवल्याचे आवाज येत राहिले. मग त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. गुलाबी हत्ती, सोंड आणि पुढचे पाय झिजून गेलेले, आणि झिजलेल्या जागी करडा-काळा चकचकीत थर. पेन्सिलीचा काळेपणा तसा नसतो. तो थर मी दरवर्षी पाहत आलो होतो. दसऱ्यानंतर त्याच्या टेबलावर पडलेल्या खोडरबरावर तो असायचाच. त्या आधीच्या वर्षी या घरात हत्ती नव्हता, कारण शाळा नव्हती. त्याच्या नंतरच्या वर्षी तो स्वतः नव्हता.

म्हणजे अध्यक्षांनी पाहिलेले हिरवे दिवे खरेच असतील. कुठलीतरी प्रत पूर्ण व्हायची राहिली असेल म्हणून त्याने यंत्र तेवढा वेळ चालू ठेवले असेल. ते फुले वाहून जेवायला गेले. हा मागे थांबला.

मी वहिनींना सांगितले, अगदी थोडक्यात. हा हत्ती वापरायचा तर यंत्र आधी बंद करावे लागते. यंत्र बंद झाले की त्याचे ते शून्य पुसले जाते. पुन्हा सुरू झाले तेव्हा वेचणी आपोआप सुरू झालेली होती. त्या वर्षी त्याने आपला आकडा परत लिहिला नाही, कारण त्याला बरे वाटत नसावे. पण न लिहिल्याने काही बिघडले नाही, उलट यंत्र त्याच्या सवयीपेक्षा जलद वेचत राहिले. एवढे वेचूनही एका ओळीत दोन किडे एकदम झाले. तसे होते. सुपातही होते.

त्यांनी टिपॉयवरची स्मरणिका उचलली आणि त्या पानाची दुमड सरळ केली. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे त्यांनी नाही घालवला.’’

‘‘नाही.’’

‘‘मग कोणी घालवला?’’

‘‘कोणीच नाही, वहिनी.’’

‘‘मग तो परत येईल?’’

मी आयुष्यभर वाद घातले आहेत. समोरचा काय म्हणेल हे मला आधी कळते आणि उत्तर तयार असते. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते आणि ते एकाच शब्दाचे होते, तरी ते देता येईना. त्यांनीच माझ्या हातातून हत्ती घेतला आणि पदराने पुसला. तो काळा थर जाऊ नये म्हणून मी घाईने त्यांना थांबवायला गेलो, आणि मग थांबवले नाही. कोणाला दाखवायला मला तो थर हवा होता? ज्यांना दाखवायचा ते म्हणाले असते, हा थर कशाचाही असेल. ज्यांना दिसायला हवा होता त्यांना दिसून गेला होता.

फोटो मी पाहिला. भिंतीवरचा, पांढऱ्या फुलांतला. त्यात तो हसत नाही. फोटोवाल्याने ‘हसू नका’ म्हटले होते की तो फोटोत हसतच नसे, ठाऊक नाही. त्याचे हसणे त्या एका फितीत होते, आईच्या बोलण्यात मध्येच आलेले, विशीतले. ते ऐकलेला मी आता एकटाच उरलो आहे. मी गेलो की तेही जाईल. त्यासाठी कोणालाही दोष देऊ नये, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

वर्धापनदिनाला वहिनी जाणार आहेत. फोटो लावू द्या, असे त्यांनी मला निघताना सांगितले. मीही जाईन, दाराजवळ हाताची घडी घालून उभा राहीन. अध्यक्ष भाषणात पुन्हा ते वाक्य म्हणतील तर म्हणोत. आदर त्यांनी राखावा, तो त्यांना चांगला जमतो. मला जे सांगायचे होते ते मी इथे लिहिले आहे. यावर ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी माझ्या स्वभावाबद्दल, माझ्या मैत्रीबद्दल किंवा माझ्या डोळ्यावरच्या पट्टीबद्दल बोलू नये. त्यांनी फक्त एका गोष्टीचे उत्तर द्यावे. शून्य लिहिले गेल्यानंतर आणि आवाज जाण्यापूर्वी, त्या खंडेनवमीला, माझ्या मित्राने मेमरीच्या पट्ट्या नातीच्या खोडरबराने पुसल्या होत्या. आणि आमच्या त्या यंत्रातून, ते चालू असताना, पट्टी काढता येत नाही.